सिस्टरांच्या व्हरांड्यातला नाताळ

साळवे सिस्टरांच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं की "या, बसा" ऐकू यायचं नाही. पहिला प्रश्न यायचा, "हात धुतले?" मग तुम्ही विरजण मागायला आलेले असा, नाहीतर लाईट फक्त आमचीच गेली की सगळ्यांची, हे विचारायला. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथे साबणाची वडी आणि खुंटीला पंचा. हात धुऊन, पुसून, दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरल्याशिवाय खुर्ची मिळत नसे. माझी आई आयुष्यात कुणाला दबली नाही, पण तीही तिथे शाळकरी मुलीसारखी तळवे पुढे करायची आणि वर मला म्हणायची, "शिष्टर हाय ती. तिचं ऐकाया लागतं."

मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी उभी नोकरी केली होती. भाजलेले, चेचलेले, चक्कर येऊन पडलेले कामगार त्यांच्या हाताखालून गेले. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आणि साळवेसाहेबांनी भिसेगावात आमच्या शेजारी बैठं घर बांधलं. साहेबांना त्या घराचं सुख फार मिळालं नाही. अंगणातला सोनचाफा कमरेएवढा व्हायच्या आत ते गेले. मुलगा अमोल पुण्याला नोकरीला. म्हणजे एवढ्या घरात सिस्टर एकट्या. पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांच्यादेखत "बिचाऱ्या" म्हणालं. सिस्टरांनी चष्म्यावरून इकडेतिकडे पाहिलं. "कोण बिचारी? कुठे आहे? पाठवा इकडे, तपासते." पुन्हा तो शब्द आमच्या आळीत निघाला नाही.

मूळच्या त्या नगरकडच्या. बोलणं घाटावरचं, खणखणीत. घरात प्रार्थना मराठीत, पेटीवर गाणी मराठीत, आणि नाताळला करंज्या. आमची आळी सगळी भातशेतीवाल्यांची. आता निम्म्या घरांतली माणसं नोकरीला बाहेर जातात, पण सण ठरलेले, रीती ठरलेल्या. ख्रिस्ती घर हे एकच. त्या राहायला आल्यावरच्या पहिल्या दिवाळीला माझी बायको सुनंदा फराळाचं ताट देऊन आली. ताट परत येईना. आई रोज आठवण काढायची. "गेलं गं आपलं ताट. चांगलं जाडजूड व्हतं."

ताट नाताळच्या सकाळी आलं. करंज्या, शंकरपाळे, चिवडा. आई बघतच राहिली. "ह्या तं आपल्याच करंज्या हायत!" आणि रुमालाखाली आणखी एक वस्तू होती. गरम पातेलं उचलायचं जाड फडकं. जुन्या सुती साडीचे थर एकावर एक घालून शिवलेलं, कडेला टांगायला नाडी, आणि आत हात घालायला खिसा. सुनंदाने उजवा हात घालून पाहिला. बसेना. मग डावा घातला, तर मोज्यासारखा बसला.

सुनंदा डावरी आहे. ती तशीच सिस्टरांकडे गेली. "तुमाला कसं कळलं?"

"अगं, भिंतीपलीकडे तू कपडे वाळत घालतेस ते दिसतं की मला. चिमटा कुठल्या हातात असतो ते दिसतं. भेट द्यायची म्हणजे आधी माणसाकडे बघायला नको?"

सुनंदा तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसली. लहानपणी शाळेत शिवणाच्या बाईंनी तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या, तेव्हापासून तिने सुई हातात धरलेली नव्हती. घरातली बटणं आई लावायची, नाहीतर मी. ती म्हणाली, "सिस्टर, मला शिकवाल? पन मला काहीच येत नाय."

"काहीच येत नाही?" सिस्टरांचा चेहरा उजळला. "मग उद्यापासून ये."

पहिलं वर्षभर सुनंदा एकटीच शिकली. पुढच्या वर्षी आणखी बायका आल्या, मग मुली, मग एकदोन पुरुष. तुळशीचं लग्न लागलं की वर्ग सुरू व्हायचा आणि नाताळला संपायचा. प्रत्येकाने एक वस्तू करायची आणि नाताळला ती ज्याची त्याला द्यायची. नियम एकच, ज्याला येतं त्याला प्रवेश नाही. एकदा कर्जतच्या बाजारपेठेतून एक बाई आल्या. त्यांनी भरतकामाचा कोर्स केलेला होता, पिशवीतून नमुने काढून दाखवले, खरोखर सुरेख होते. सिस्टरांनी प्रत्येक नमुना उजेडात धरून पाहिला, तोंडभरून कौतुक केलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही ठणठणीत आहात. मला पेशंट लागतात."

पेशंट हा त्यांचा आवडता शब्द. बिघडलेली वस्तू म्हणजे पेशंट. पिशवी तिरकी शिवली गेली, तारा एका बाजूला कलला, करवंटीतल्या मेणबत्तीची वात बुडाली, की त्या ती वस्तू तळहातावर घेऊन विचारायच्या, "कुठे दुखतंय?" शिवणारी रडकुंडीला आलेली असली तरी हसायची. उसवून पुन्हा करते म्हटलं तर परवानगी नाही. "रक्त येतंय का? नाही ना? मग राहू दे. पहिल्या वस्तूतला टाका उसवायचा नाही. ज्याला देणार त्याला कळू दे, तुझा हात कुठे अडखळला ते."

आणि वर्गात बसण्याआधी एक परीक्षा असायची. नवं माणूस आलं की त्याला वाटायचं आता आपल्याला कात्री मिळणार, कापड मिळणार. मिळायचा प्रश्न. "कुणासाठी?"

"बघू, देईन कुणाला तरी."

"कुणालातरीच्या मनगटाचं माप किती?"

माणूस आपल्याच मनगटाकडे बघायचा.

"कुणालातरीला चहा गरम लागतो की कोमट? रात्री पाय गार पडतात का? चष्मा कुठे विसरतं? जा घरी. चार दिवस एका माणसाकडे नीट बघ, मग ये."

मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणी आधीच ठरवून यायच्या, हे करायचं, ते करायचं. सिस्टरांचा व्हिडिओंवर राग नव्हता. एवढंच म्हणायच्या, "त्यात कुणी चुकतच नाही गं. मग शिकायचं कुणाकडून?"

सुनंदाने पहिल्या वर्षी माझ्या आईकडे चार दिवस पाहिलं. आईच्या बोटांचे सांधे धरलेले. चहा तिला स्टीलच्या पेल्यातूनच लागायचा आणि पेला चटके द्यायचा, म्हणून ती पदराचं टोक गुंडाळून धरायची. पदर निसटला की चहा अंगावर. आम्ही इतकी वर्षं एका घरात, मला ते कधी दिसलं नव्हतं. सुनंदाने पेल्यासाठी अंगरखा करायचं ठरवलं. जुन्या गोधडीचा तुकडा, त्याला आतून मऊ कापड, कडेला धरायला कान.

शिकवताना सिस्टर तिच्या शेजारी बसल्या नाहीत, समोर बसल्या. "मी आरसा आहे समज. माझा उजवा तो तुझा डावा." धावदोरा घालायचा, कापडातून सुई वर काढायची, खाली घालायची, एवढंच. सुनंदाचा दोरा आधी गुंतला, मग तुटला, मग सुई बोटात गेली. सिस्टरांनी बोट धरलं, पुसलं, पट्टी लावली. "झालं तुझं ॲडमिशन," म्हणाल्या.

नाताळच्या दिवशी सुनंदाने पेला त्या अंगरख्यात घालून आईपुढे ठेवला.

"मला कशाला गं? मी काय किरिस्ताव हाय?"

"तुमी प्या तं खरं."

आईने पेला दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला, पुन्हा घेतला. दुपारी ती तोच पेला घेऊन आळीत फिरत होती. चहा कधीच संपला होता. प्रत्येक दारात थांबून सांगत होती, "आमच्या सुनंदानी शिवला. डाव्या हातानी." मी कामावरून येताना ते ऐकलं आणि सायकलवरून उतरून चालत आलो, म्हणजे आणखी थोडा वेळ ऐकता येईल.

माझं त्या वर्गातलं काम मेण वितळवायचं. खोपोलीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, त्यामुळे हे माणूस शिस्तीचं आहे असा सिस्टरांचा समज झाला होता. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण. "मेणाला विस्तव दाखवायचा नाही, ठोंबरे. वाफेनेच मऊ करायचं. भाजलेले हात बांधून झालेत माझे, पुन्हा नकोत." करवंट्या घासून गुळगुळीत करायच्या, वात काडीला बांधून मधोमध सोडायची, मेण ओतायचं आणि मग हलवायचं नाही. हा न हलवण्याचा भाग सगळ्यात अवघड. लहान मुलं तर सोडाच, चांगल्या पिकल्या केसांच्या बायका बोट लावून बघायच्या, आणि मग मेणावर बोटाचा ठसा. सिस्टर तो ठसाही पुसू द्यायच्या नाहीत.

डिसेंबरात त्या व्हरांड्याला एक वास असायचा. मेणाचा, खळीचा, आणि शेजारच्या वाडीत लावलेल्या पोपटीचा. वालाच्या शेंगा मडक्यात शिजायच्या आणि इकडे बांबूच्या कामट्यांचे तारे बांधले जायचे. आकाशकंदिलाचा उरलेला पतंगी कागद त्यांना लागायचा. सुरुवातीला आळीतल्या एकदोघांनी कुरकुर केली होती, आपल्या बायकापोरी त्यांचा सण कशाला करतात म्हणून. सिस्टरांच्या कानावर ते आलं. त्यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यातल्या एकाच्या म्हाताऱ्या वडिलांना त्या रोज इंजेक्शन द्यायला जायच्या, त्या जायच्या तशाच जात राहिल्या. एका नाताळला त्याच घराच्या ओटीवर तारा लागला. तो त्या गृहस्थाच्या मुलीने आजोबांसाठी केला होता, कारण त्यांना बाजेवर पडल्यापडल्या बाहेर बघायला काही नव्हतं.

एका वर्षी खोपोलीच्या रस्त्याला असलेल्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आला. टाय लावलेला, नम्र मुलगा. हात धुऊन बसला.

"मॅडम, नाताळात आमच्याकडे मुंबईचे गेस्ट असतात. त्यांच्यासाठी हाताने भेटवस्तू बनवायचा कार्यक्रम ठेवायचाय. तुम्ही सगळं तयार करून आणा. गेस्टना पेशन्स नसतो. ते फक्त शेवटचा मणी चिकटवतील."

"मग बाकीचं कुणी केलं?"

"तुम्ही."

"म्हणजे भेट माझी झाली. ते नुसते पोचवणार."

मुलगा हसला. "बरं, तुम्ही म्हणाल तसं. आणि नऊवारी नेसून आलात तर फोटो छान येतील."

"नऊवारी मी जन्मात नेसले नाही, बाळा. इस्त्रीची पांढरी साडी आहे. ती चालत असेल तर येते."

सुनंदा आणि मी सामान घेऊन बरोबर गेलो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. हिरव्यागार लॉनवर टेबलं मांडलेली, झाडांना दिव्यांच्या माळा. सिस्टर पांढऱ्या साडीत, खांद्याला ड्यूटीवरचं घड्याळ पिनने लावलेलं. त्यांनी आधी त्या सगळ्या मंडळींना बागेच्या नळावर रांगेत उभं केलं. चांगले महागातले कपडे घातलेली माणसं तळवे दाखवत पुढे सरकत होती आणि लहान मुलांसारखी खिदळत होती. मग टेबलाटेबलावर जाऊन प्रश्न. कुणासाठी? कुणासाठी? एक जाडसर गृहस्थ फोनमध्ये बघत म्हणाले, "ऑफिससाठी."

"ऑफिसला नाक असतं का? चष्म्याचं घर शिवायचंय आपल्याला."

आजूबाजूचे हसले. गृहस्थही हसले, पण त्यांनी फोन खाली ठेवला. कापड हातात घेतलं. सिस्टर पुढे गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी ते हळूच म्हणाले, "भाऊ आहे मोठा. पण आम्ही बोलत नाही."

"बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. "शिवा."

आणि ते शिवत बसले. जेवण मांडलं गेलं, गार झालं, मॅनेजर इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता, पण कुणी उठेना. गृहस्थांचं चष्म्याचं घर एका बाजूला फुगलं. त्यांनी ते सिस्टरांना दाखवलं. "वाकडं झालं. चालेल?" सिस्टर म्हणाल्या, "चालेल काय? दुकानातलं दिलं असतं तर त्याला वाटलं असतं कुणी पाठवलंय देव जाणे. हे बघून कळेल तुमचंच आहे." त्यांनी ते घर भावाला दिलं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. टेंपोतून परत येताना मी तसं म्हटलं, तर सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यातून पेशंट घरी गेला की आपल्याला कुठे कळतं? आपण नीट बांधून पाठवायचं."

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी सिस्टरांना झटका आला. सकाळी फाटकाशी दूधवाला हाका मारत राहिला आणि दार उघडेना, म्हणून आम्ही मागच्या बाजूने गेलो. उजवा हात, उजवा पाय गेलेला. तोंड जरा वाकडं. पण शुद्ध पुरती होती, आणि दवाखान्यात नेताना मला म्हणाल्या ते अजून आठवतं. शब्द जड झाले होते, "डोकं... उशीवर... उंच ठेव." स्वतःच स्वतःच्या सिस्टर.

अमोल पुण्याहून आला, त्यांना घेऊन गेला. व्हरांडा बंद झाला. सोनचाफ्याची पानं पायरीवर साचली. आई ती रोज झाडायची आणि पुटपुटायची. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. वर्गाचा विषय कुणी काढत नव्हतं. आणि एक दिवस अमोलची गाडी फाटकाशी थांबली. काठी टेकत सिस्टर उतरल्या. अमोल आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, नाताळपर्यंतच. हट्टच धरला. नाताळला मी येतो, घर बंद करतो आणि तिला कायमची घेऊन जातो. एकटीला ठेवणं आता शक्य नाही." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. डोळे लाल झाले होते त्याचे. रात्री सोबतीला त्याने एक बाई ठरवून दिली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आणि जुन्या विद्यार्थिनी जमल्या. ठरलं होतं की यंदा आपण वर्ग चालवायचा, सिस्टरांनी नुसतं खुर्चीत बसायचं, देखरेख करायची. सुनंदाने तसं सांगितलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं. उजवा हात त्यांच्या मांडीवर पडलेला होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"देखरेख नको," त्या म्हणाल्या. आता एकेक शब्द तोलून काढावा लागायचा. "मला वर्गात बसायचंय. मला आता काही येत नाही. मी पात्र आहे."

एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. सिस्टर चिडल्या. "रडायचं असेल तर बाहेर. सुनंदा, तू डावरी. तू शिकव मला."

सुनंदा आधी उठली, नळावर गेली, स्वतःचे हात धुतले. मग ओला पंचा आणून सिस्टरांचे दोन्ही हात पुसले, तो पडलेला हातसुद्धा, बोट न् बोट. मग त्यांच्या शेजारी बसली. समोर नाही, कारण आता दोघींचा हात एकच होता. आणि तिने तो प्रश्न विचारला.

"कुणासाठी, सिस्टर?"

"अमोलसाठी."

"काय करायचं?"

"सांगते."

मग आमच्या आळीने जे पाहिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. माणसाला सुईत दोरा ओवायला दोन हात लागतात. सुनंदाने सुई साबणाच्या वडीत उभी खोचली, म्हणजे दोरा एका हाताने ओवता येईल. मी घरून पाट आणला, कापड त्याला कपड्यांच्या चिमट्यांनी पक्कं केलं. कापड त्यांच्याच ड्यूटीवरच्या निळ्या लोकरी कोटाचं होतं, सुईला सैल. दोरा पांढरा, जाड, दिसेल असा. सिस्टरांचा डावा हात थरथरायचा. सुई हवी तिथे जायचीच नाही. पहिल्या दिवशी एक टाका झाला. त्या तो टाका बघत राहिल्या आणि त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू आलं.

मधेच त्या रागवायच्या. सुई फेकायच्या. सुनंदा मुकाट्याने ती शोधून आणायची, पुन्हा वडीत खोचायची. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "हा टाका उसव. भलताच लांब पडलाय."

"रक्त येतंय का?" सुनंदाने विचारलं.

सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुढचा टाका घालू लागल्या.

त्यांच्या शेजारी बाकीचा वर्ग चालू होता. पण त्या वर्षी व्हरांड्यात नेहमीचा कलकलाट नव्हता. ज्या बायका दोरा गुंतला म्हणून कुरकुरायच्या, त्या गप्प बसून गुंता सोडवत होत्या. आळीतली माणसं फाटकावरून जाताना थांबायची. "कुटपरत आलं?" कुणी विचारायचं. "दुसरी बाजू लागली," आई सांगायची, जणू क्रिकेटचा स्कोअर.

नाताळच्या दिवशी अमोल आला. उपासना करून आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो होतो, म्हणजे उपासनेला सिस्टर गेल्या होत्या, सुनंदा त्यांना रिक्षाने घेऊन गेली होती. अमोलने आईच्या पायांना हात लावला, मग म्हणाला, "आई, बॅग भरली का?"

सिस्टरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी पुढे केली.

त्याने उघडली. तळहाताएवढी निळी पिशवी, तीन बाजूंना पांढरे टाके. काही जवळजवळ, काही लांब, एक तर पार कडेबाहेर गेलेला. लहानपणी ह्या मुलाच्या अंगात आईने विणलेले स्वेटर असायचे, त्यांचं कौतुक अख्ख्या कॉलनीत व्हायचं. त्याने पिशवी उलटसुलट केली.

"ही कुणी केली? शेजारच्या मुलांनी?"

"ओळख."

तो सुनंदाकडे बघू लागला. ती म्हणाली, "मी नुसती बाजूला बसले व्हते, भाऊ."

अमोलने अंगठा टाक्यांवरून फिरवला. एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश. मग त्याच्या लक्षात आलं, पिशवीत काहीतरी जड आहे. त्याने ती उलटी केली तर हातात किल्ली पडली.

"पुढच्या दाराची आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य पाठ केलेलं असावं, कारण ते न अडखळता आलं. "आजपर्यंत तू बेल वाजवायचास आणि मी उठून दार उघडायची. आता मला उठायला वेळ लागतो. तू तुझं तुझं दार उघडून येत जा."

अमोल किल्ली मुठीत धरून उभा होता. मग तो पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर गाडीकडे गेला. मला वाटलं, रागावला. सुनंदाने माझा दंड धरला. डिकी उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. आणि तो आत आला तेव्हा त्याच्या हातात बॅग होती. त्याची स्वतःची.

"सुट्टी काढतो," तो म्हणाला. "न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा लागेल. ठोंबरेकाका, इथे चांगला गवंडी कोण?"

माझ्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "गवंडी नंतर. आदी हात धू नि करंजी खा."

घर बंद झालं नाही. सोबतीची बाई कायमची राहिली, अमोल महिन्यातून एकदोनदा यायचा, आपल्या किल्लीने दार उघडून. आणि वर्ग बदलला. कर्जतच्या एका व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अमोलच्या हातातली ती निळी पिशवी पाहिली आणि आपल्याकडच्या माणसांना सिस्टरांचा पत्ता सांगायला सुरुवात केली. खालापूरहून, खोपोलीहून माणसं येऊ लागली. कुणाचा हात गेलेला, कुणाची बोटं वळत नसलेली. घरच्यांनी धरून आणलेली, रुसलेली, अंगावर शाल ओढून बसणारी. सिस्टर त्यांना तोच प्रश्न विचारायच्या, आणि "मला काय करायचंय आता" असं कुणी म्हटलं की आपला डावा हात दाखवायच्या. आता वर्ग तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नसे, वर्षभर चालायचा. पण वस्तू द्यायची ती नाताळलाच. त्यावर त्या ठाम होत्या.

मग आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी सुनंदाला आणि मला नाशिकला जावं लागलं. आम्ही तिकडेच होतो तेव्हा सिस्टर झोपेतच गेल्या, अमोलचा फोन आला. पण निघालो त्या दिवशीची सकाळ माझ्याकडे आहे.

रिक्षात सामान चढवून सुनंदा आणि मी निरोप घ्यायला फाटकाशी गेलो. व्हरांड्यात सिस्टर आणि एक रिटायर हवालदार शेजारीशेजारी बसले होते. भरघोस मिशांचा तगडा माणूस, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांच्या नातीसाठी काहीतरी चाललं होतं. हवालदार दोरा सुईत घालायचा प्रयत्न करत होते, कपाळावर घाम. सिस्टरांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. नुसतं बोट वर केलं, थांबा म्हणून. आम्ही थांबलो. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तरी थांबलो.

दोरा गेला. हवालदारांनी मान वर केली, आणि इतक्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. सिस्टरांनी आपला डावा तळवा पुढे केला. ते आधी गोंधळले, मग समजले, आणि त्यांनी आपला डावा तळवा त्यावर मारला. दोघांची मिळून एक टाळी, खणखणीत वाजली.

मग सिस्टर आमच्याकडे वळल्या. "हं, आता जा," म्हणाल्या.